दात्यांना वांगी

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मी तेल्हाऱ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेला विहीर नव्हती. तहान लागली की पोरी घरी जायच्या, आणि आयतीच हाताशी आलेली पोर आई परत सोडते होय? दुपारनंतर माझ्यासमोर नुसती बस्करं उरायची. विहिरीसाठी माझं सगळीकडे डोकं फोडून झालं होतं.

अशात अमरावतीला दात्यांची आणि गरजू संस्थांची परिषद भरणार असं कळलं. मी निघाले, सोबतीला माझे बाबा. बाबांचा भाजीचा मळा. अकोल्याला गाडीत चढताना पाहते तर त्यांच्या डोक्यावर वांग्यांची भली मोठी टोपली! मी चिडले, तर म्हणाले, कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जातेत काय? बडनेऱ्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

परिषदेत सकाळी एक निवृत्त मुन्सफ अर्ज कसा करावा ते शिकवत होते. आधी गरज, मग उपयोग, शेवटी नम्र विनंती. गोरक्षणवाले, वाचनालयवाले, वसतिगृहवाले, सगळे बाप्ये मुकाट माना खाली घालून गिरवत होते. माझा अर्ज मुन्सफांनी तीनदा परत दिला. त्यात नम्रता कमी पडते म्हणे. आता ती आणू कुठून!

चहाच्या सुट्टीत दात्यांशी ओळख करून घ्यायची होती. मी बाहेर आले तर बाबा आधीच मांडवात हिंडत होते, एकेका दात्याच्या उपरण्यात वांगी टाकत. चिटणीस धावत आले. अर्जदारानं दात्याला काही द्यायचं नाही, अर्ज बाद झाला, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देण्यात आपलं चुकलं काय, हे बाबांना मात्र कळेचना. उरलेली वांगी टोपलीसकट दात्यांतल्याच, आमच्या शेजारच्या गावच्या एका पाटलांपाशी ठेवून ते माझ्यामागे आले.

संध्याकाळी धर्मशाळेत मी डोळे पुसत सामान बांधत होते, तर ते पाटील दारात हजर. हातात आमची टोपली, तीत संत्री. दुसऱ्याची टोपली रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. बाबा खूश. आलोच आहे म्हणून पाटलांनी विचारलं, अर्ज कशाचा होता. विहिरीचा, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, पोरी घरी जाऊन पाणी पितातच की, मग शाळेले विहीर काहून पाहिजे?

मुन्सफांची सगळी शिकवण विसरून मी भडकले. "पाटीलबुवा, पानी प्यायले गेलेली पोरगी परत येत नाई. तुमी गावातच रायता, तुमाले ठाऊक नाई?"

बाबांनी कपाळाला हात लावला. पाटील उंबऱ्यावरच टेकले.

"माही पोरगी बी अशीच आली होती पानी प्यायले," ते म्हणाले. "म्या तिले परत जाऊ नाई देल्लं."

अर्जाचं पुढे कुणी विचारलंच नाही. उन्हाळ्यात पाटलांनी विहीर खणून दिली. पाणी गोडं लागलं तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. पहिली बादली ओढायला त्यांनी आपल्या लेकीला धाडलं. ती कडेवर पोर घेऊन आली, घटाघटा पाणी प्याली, आणि घरी जायचं सोडून पहिलीच्या पोरींत जाऊन बसली.