पडला म्हणजे काय

त्यांना सगळे पोटकलम म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती. त्यांनी लगेच त्या शब्दाची व्याख्या विचारली असती. नळजोडणीच्या कचेरीत अर्ज तपासायच्या खिडकीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढे गेला नाही याचा त्यांना कोण अभिमान. एका म्हाताऱ्याने 'मिळकत'मधली 'मि' दीर्घ लिहिली म्हणून त्याला त्यांनी तीन हेलपाटे घालायला लावले. बिचाऱ्याला पाणी दोन महिने उशिरा मिळालं, पण शुद्धलेखनासकट मिळालं. हा किस्सा ते जेवताना कौतुकाने सांगत.

अशा माणसाने खेळ तरी कोणता निवडावा? राक्षसांचा आणि तलवारींचा. टेबलावर चौकटींचा नकाशा पसरायचा, प्रत्येकाने एकेक योद्धा व्हायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि मारामारी आली की फासे टाकायचे. बाकीचे गंमत म्हणून खेळत, हे गृहस्थ नियमांसाठी खेळत. दारात उभा असलेला राक्षस खोलीत धरायचा की खोलीबाहेर, यावर त्यांनी एकदा पाऊण तास काथ्याकूट केला होता. राक्षस तोवर गदा उगारून ताटकळत राहिला.

नियमांचं मूळ पुस्तक परक्या भाषेतलं आणि जाडजूड. मुलगी बारा वर्षांची असताना तिला खेळता यावं म्हणून त्यांनी मारामारीचे सगळे नियम आपल्या भाषेत उतरवून वही केली. आयुष्यात त्यांनी प्रेमाने केलेलं हे बहुधा एकमेव काम, आणि तेही नियमांचंच. त्या वहीवर दर रविवारी दुपारी चौघांचा खेळ चाले: ते, मुलगी, गोष्ट सांगणारा शेजारचा औषधवाला आणि गाडी चालवायला शिकवणारा मेहुणा.

आता मुलगी बावीस वर्षांची होती आणि सोमवारी नोकरीसाठी दूरच्या शहरात निघणार होती. ठरलं असं की तिची धनुर्धारी गोष्टीत जिवंत आहे तोवर तिने दर रविवारी फोनवरून खेळायचं. बापलेकीला एकमेकांशी बोलायला दुसरा विषयच नव्हता. पोटकलमांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्या फोनवर त्यांचा फार जीव होता. म्हणून तर पुढे त्यांनी जे केलं त्याला तोड नाही.

त्या शेवटच्या रविवारी एक राक्षस पुलावर आडवा आला. मुलीने फासा टाकला, तो वाईट पडला आणि तिची धनुर्धारी ओल्या फळीवरून घसरली. ती पडली, पुढच्या पाळीला उठेल, असं सांगून औषधवाला पुढे निघाला, तेवढ्यात पोटकलमांनी हात वर केला. त्यांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि वाचलं: योद्धा पडला की त्याची लढाई कायमची संपली.

"भाऊजी, घसरून पडणं वेगळं आणि लढाईत पडणं वेगळं," मेहुणा म्हणाला. "मी जिन्यावरून पडलो तेव्हा ताई रडली नाही, हसली."

पोटकलमांना हे कळत नव्हतं असं नाही. मूळ पुस्तकात दोन निरनिराळे शब्द होते, एक आडवं होण्याचा आणि एक मरण्याचा. वही करताना घाईघाईत त्यांनी दोन्हींना 'पडला' लिहून टाकलं होतं. पुस्तक तिथल्याच कपाटात, दोन पावलांवर होतं. पण ते काढायचं म्हणजे वहीत चूक आहे असं चारचौघांत कबूल करायचं, आणि तसा अर्ज त्यांच्या खिडकीतून कधीच पुढे गेला नसता. या टेबलावर वहीच प्रमाण, असं त्यांनी सांगून टाकलं.

"बाबा, वही तुम्हीच लिहिलीत," मुलगी म्हणाली. "तुम्हाला तेव्हा काय म्हणायचं होतं?"

"लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं त्याला अर्थ नाही. कागदावर काय आहे ते बघायचं."

औषधवाल्याने सारवासारव केली: पोरीला नवा योद्धा घेऊ द्या, ती फोनवरून त्याच्यासाठी फासे टाकेल. सुटकेची वाट हातात आणून दिली होती. पण डोळ्यांसमोर नियम दिसत असताना गप्प बसणं हा प्रकार पोटकलमांच्या रक्तातच नव्हता. त्यांनी चार पानं मागे उलटली. नवा योद्धा पुढच्या खेळातच, तोही टेबलाशी समोर बसूनच करायचा, दुसरीकडून कळवलेला ग्राह्य नाही. हेही त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होतं.

 मुलीने आपल्या धनुर्धारीचा कागद घडी करून टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे तुमचं, बाबा," ती म्हणाली आणि सामान भरायला आत गेली.

हे वाक्य त्यांना त्या घरात आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. ते ऐकून त्यांना खरोखरच बरं वाटलं, छाती जराशी पुढे आली, एवढा तो माणूस थोर. त्यांनी वही मिटली, फासे गोळा केले आणि आता पाळी कोणाची म्हणून विचारलं.

 मेहुण्याने आतल्या खोलीकडे मान वळवली.

"तिची होती," तो म्हणाला.