जळगावची गाडी

१९५६ साली राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. मी गावातल्या शनवारा भागातल्या शाळेत मराठी शिकवत होतो. जळगावला स्थायिक झालेला थोरला भाऊ मला न्यायला आला. म्हणाला, "इथे आता हिंदीच चालणार, तुझं काय काम?"

 जेवण गोड लागेना, वर्गात स्वतःचेच शब्द पोकळ वाटत. शेवटी सामान बांधलं. स्टेशनवर वडील हळूच म्हणाले, "तिकडे मराठी शिकवणारे पुष्कळ आहेत रे."

गाडी आली. भाऊ चढला, मी फलाटावरच थांबलो. घरी परततानाही मन शांत नव्हतं. निवृत्तीपर्यंत त्याच शाळेत शिकवलं, पण राहिलो ते कामासाठी की धीर झाला नाही म्हणून, हे अजून ठरत नाही.