दत्तूच्या टीपकागदावरचे थेंब

रुपा, ये इकडं, जवळ येऊन बस. अशी चप्पल न काढता दारातनंच बोलू नकोस. फोनवर हल्ली तू तेच करतेस... "जेवलीस का आत्या, गोळ्या घेतल्यास का," एवढं विचारतेस, आणि मी मनातलं बोलायला तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते. तेराव्याचं जेवण उरकलं तशी बॅग उचललीस ती गेलीसच, गॅरेजकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस. म्हणून आता पेपरात लिहिते. रविवारची पुरवणी तू मोबाइलवर वाचतेस हे मला ठाऊक आहे, तिथं तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही. बाकी जे कोणी वाचत असतील त्यांनीही बसावं. माझा धाकटा भाऊ दत्तू सोलापूरच्या अक्कलकोट रोडला चाळीस वर्षं गाड्यांची इंजिनं उघडत होता. त्याला जाऊन आज सात आठवडे झाले. रुपा त्याची एकुलती एक मुलगी.

बातमी आली तेव्हा मी माळशिरसला लेकीकडं होते. फोन मेहबूबचा होता. आमच्या गॅरेजच्या भिंतीला लागून त्याचं बॅटरीचं दुकान आहे, आणि त्याचा फोन म्हणजे दत्तूची तक्रार ठरलेली... भाईनं माझा पाना नेला, भाईनं माझा चहा प्याला. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "आक्का, तुमे आव. जल्दी आव." मी म्हटलं, "काय झालं? दत्तूला दे फोन." तो पुन्हा तेच म्हणाला, "जल्दी आव." कळायचं ते तेवढ्यात कळलं. एसटीत खिडकीशी बसून मला रडू आलं नाही. मी आपली विचार करत होते की सकाळी तो कुणाची तरी गाडी उघडून बसला असणार, तिचं बॉनेट कुणी लावलं असेल का. पोचले तर ते उघडंच होतं. गल्ली माणसांनी भरली होती, पण बॉनेट लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते मी लावलं, आणि मग आत गेले.

माझे मालक गेल्यावर मी गॅरेजमागच्या खोलीत राहायला आले. दोन वर्षांनी रुपाची आई गेली, तेव्हा रुपा पाच वर्षांची होती. म्हणजे घरात मी, तो आणि ही. दत्तू सातवीपर्यंत शिकलेला, पण इंजिनाला कान लावून बसला की वाटायचं, आतलं कुणीतरी त्याला काहीतरी सांगतंय. खांद्यावर टॉवेलच्या कारखान्यातलं कातरण, हात कोपरापर्यंत काळे. जेवताना मात्र नखं साबणानं घासून घासून लाल करायचा, कारण रुपा म्हणायची, "आप्पांच्या घासाला ऑइलचा वास येतो."

इंजिन साफ करायच्या औषधाचा त्याला राग होता, आणि त्या रागाला कारण होतं. तरुणपणी उस्तादाकडं शिकला तसं एका वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपचं ऑइल सोडून त्यानं आत डिझेल घातलं, इंजिन फिरवलं, डिझेल काढून टाकलं, नवं ऑइल भरलं. इंजिन धुतलं म्हणून खूश झाला. आतला वर्षानुवर्षांचा मळ सुटला खरा, पण सगळा बाहेर आला नाही. उरलेला जाऊन ऑइल पंपाच्या चाळणीत बसला. तुळजापूरच्या रस्त्यावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिन जाम. देवीला निघालेली माणसं भर उन्हात रस्त्याकडंला उभी... कुणाला काही झालं नाही, पण म्हाताऱ्या बाया त्याच्या नावानं बोटं मोडत होत्या हे त्यानं स्वतः जाऊन बघितलं. अकरा दिवस खपून त्यानं ते इंजिन पुन्हा बांधून दिलं. तेव्हापासून कुणी असल्या औषधाची बाटली घेऊन आलं की त्याचा एकच प्रश्न असायचा. "मळ सुटंल की. सुटल्यावर जाणार कुटं, त्ये सांग."

पुढं मोबाइल आले, आणि गिऱ्हाईक व्हिडिओ बघून बाटल्या आणायला लागलं. दत्तू त्यांना उभं करून शिकवणी घ्यायचा. एक जात म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या आधी आत घालायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची आणि सगळं सोडून द्यायचं. दुसरी नव्या ऑइलबरोबर आतच राहते आणि बेताबेतानं धुते. तिसरी ऑइल नुसतं घट्ट करते. खडखड दबते आणि मालकाला वाटतं गाडी बरी झाली. तिच्याबद्दल तो म्हणायचा, "दाढ ठणकाया लागली म्हणून गालाला पावडर लावल्यागत हाय ती!"

पण नुसत्या बोलण्यावर थांबणारा माणूस तो नव्हता. एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या एकसारख्या चार गाड्या त्याच्याकडं यायच्या, एकाच वर्षातल्या, अक्कलकोट-तुळजापूरच्या फेऱ्या करणाऱ्या. मालकाला विचारून त्यानं तीन गाड्यांत तीन बाटल्या घातल्या. चौथीत काहीच नाही. वेळेवर ऑइल, वेळेवर फिल्टर, बास. तिचं नाव त्यानं ठेवलं "उपाशी". दर खेपेला गरम इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब टीपकागदावर टाकायचा, कागद दोरीला चिमट्यानं लटकवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. रुपा तेव्हा नववीत होती. कंपासपेटी घेऊन ती वर्तुळं मोजायची आणि कागदावर गाडीचं नाव नि किलोमीटर लिहायची.

"आप्पा, उपाशीला कशाला मोजायचं? तिच्यात तर काहीच नाही."

"तिच्याबिगर बाकीच्या तिघींचं कौतुक कुणाशी ताडून बघायचं? आन ह्यो बघ... मधी काळाकुट्ट ठिपका, कडा चाकूनं कापल्यागत. ह्या ऑइलनं मळ खाली टाकलाय. आता ह्यो बघ, करडा, पार कडंपतोर पसरला. ह्यो मळ उचलून घिऊन चाललाय."

"पण हा काळा दिसतोय ना सगळा."

"काळा झाला म्हणून शिव्या द्याच्या न्हाईत, बाय. फडकं काळं झालं तरच भांडं पुसलं म्हणायचं."

वर्षभर घरात दुसरं बोलणं नव्हतं. मी भाजी टाकायची आणि हे दोघं ताटावरनं कागद एकमेकांकडं सरकवायचे. शेवटी दत्तूनं लाल पेन्सिलीनं एकेका गाडीचा निकाल लिहिला, एका शब्दात. एकीला "बरी". एकीला "नको". एकीला "पाणी", म्हणजे बाटलीत पाणी असतं तरी एवढंच झालं असतं. आणि उपाशीला लिहिलं "ठणठणीत". बापलेक एवढे हसले, मला आज इथं बसून ऐकू येतंय.

त्याच नादानं रुपा केमिस्ट्रीकडं गेली, एम.एस्सी. झाली आणि नवी मुंबईला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. कंपनी ह्याच बाटल्या बनवणारी. नाव लिहीत नाही, रुपा मला ओरडेल. गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती आली ती बाटली घेऊन. दोन वर्षं तिनं त्या औषधावर काम केलं होतं. दत्तू जेवायला बसला होता. तिनं बाटली ताटाशेजारी ठेवली, जशी लहानपणी प्रगतिपुस्तक ठेवायची.

दत्तूनं भाकरी मोडायची थांबवली. "जन्मभर लोकास्नी बाटली घिऊ नका म्हणून सांगतोय. आन आता बाटली माझ्याच घरातनं निघाली व्हय?"

"आप्पा, ऐका तरी. ही झटक्यात सोडत नाही. थोडं थोडं सोडते, आणि सोडलेला मळ धरून ठेवते. सुटल्यावर जाणार कुठं, हे तुम्हीच विचारायचा ना? मी त्याच्यावरच काम केलंय."

"सगळ्यांच्याच बाटलीवर त्येच लिवलेलं असतंय. पाणी हाय त्ये."

रुपाचा आवाज एकदम बारीक झाला. "न बघताच लिहिलंत, आप्पा?"

तो पुन्हा भाकरी मोडायला लागला. मी बोलायला हवं होतं. दत्तू, आजवर थेंब टाकल्याशिवाय तू शत्रूच्या बाटलीलाही नाव ठेवलं नाहीस, आणि पोरीच्या बाटलीला ठेवतोस... असं म्हणायला हवं होतं मी. मी शेंगाचटणी वाढत बसले. दुपारच्या गाडीनं रुपा परत गेली. बाटली खिडकीत राहिली.

मग दोघं एकमेकांशी बोलायचे, नाही असं नाही. पण ह्या बापलेकीचं बोलणं ऑइलवाचून कधी झालंच नव्हतं. ते काढून टाकल्यावर उरलं काय? "पाऊस झाला का तिकडं?" "झाला." "ऊन लई हाय हितं." "हो का." फोन ठेवून दत्तू बराच वेळ हात पुसत बसायचा, हात स्वच्छ असले तरी.

रुपा परत गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी खिडकीतली बाटली दिसली नाही. मला वाटलं, फेकून दिली. पुढं चार महिन्यांनी मी त्याच्याबरोबर स्पेअर पार्टच्या दुकानात गेले होते. फिल्टर घेऊन झाला तरी हा काउंटरवरनं हलेना. मग खालच्या आवाजात दुकानदाराला कंपनीचं नाव सांगून म्हणाला, "त्यांची ती नवी बाटली आली असंल तर दे एक. गिऱ्हाइकाला पायजे."

दुकानदार हसला. "दत्तूशेठ, तुमच्याकडं बाटली मागायची छाती कुठल्या गिऱ्हाइकाची झाली?"

"तू दे की गुमान!"

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं रस्त्याकडं बघितलं. "आक्का, लई ऊन हाय न्हाय आज?" मी म्हटलं, "लई हाय." मी त्याला विचारलं नाही, आणि रुपा, तुलाही कळवलं नाही. वाटलं, त्याचं तो सांगेल. माणूस सांगेपर्यंत थांबावं, असं मला वाटायचं. आता नाही वाटत.

तू गेल्यावर आठवड्यानं मी त्याचं कपाट आवरायला घेतलं. चार गाड्यांची जुनी फाइल होती, तुझ्या नववीतल्या अक्षराची. तिच्याखाली एक नवी, बारकी. आत आपल्या घरच्या पांढऱ्या गाडीचे तीन टीपकागद, म्हणजे त्या दिवाळीनंतरच्या तीन ऑइल बदल्यांचे. प्रत्येकावर किलोमीटर आणि तारीख, त्याच्या त्या एकमेकांवर पडलेल्या अक्षरात. आणि जिथं गाडीचं नाव लिहायचं, तिथं "रुपाची". निकालाची जागा मोकळी. तिन्ही कागदांवर लाल पेन्सिलीचा एक ठिपका नाही. चार बदल्या झाल्याशिवाय तो निकाल लिहीत नसे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मी ते कागद मेहबूबला दाखवले. "बहोत अच्छा है आक्का, बच्ची का माल एकदम फर्स्ट क्लास," म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. तो बॅटरीचा माणूस, त्याला ऑइलचं काय कळतंय? पलीकडच्या गॅरेजवाल्यानंही छानच सांगितलं. घरात माणूस गेलेलं असलं की सगळे छानच सांगतात. मी स्वतः भिंग घेऊन बसले. दुसरा थेंब पहिल्यापेक्षा काळा आहे. आता तो मळ उचलून आणतोय म्हणून काळा, की ऑइलच बिघडलं म्हणून काळा? तिसऱ्याची कड मला मऊ वाटली... पण ती कागदावर मऊ आहे की माझ्या डोळ्यात, देवाला ठाऊक. एवढी वर्षं तुमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवले, आणि वाचायला शिकले नाही बघ.

मला दत्तूची आठवण कधी येते सांगू? सकाळी शटर वाजत नाही तेव्हा येते, पण तिला आता मी सरावले. चहा टाकताना दोन कप मांडते, तेव्हाही येते. पण सगळ्यात जास्त येते ती हे कागद समोर घेतले की. वाटतं, आत्ता मागून येईल, खांद्यावरनं वाकून बघेल आणि म्हणेल, "आक्का, उलटा धरलाईस की!" मग मी कागद फिरवून बघते. तरी काही कळत नाही.

गाडी शेडमध्येच आहे. विकत घ्यायला दोघं येऊन गेले, त्यांना मी परत पाठवलं. चौथी बदली व्हायला अजून तीनशेच्या आतबाहेर किलोमीटर चालायला हवी, मेहबूबनं काटा बघून सांगितलं. माळशिरसला जाऊन आलं की बहुतेक होतंच. तू चालव, मी शेजारी बसते, लेकीलाही भेटून येऊ. परत आल्यावर इंजिन बंद करून थोडं थांबायचं आणि थेंब तू टाकायचास. कोरा टीपकागद मी आणून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. बरी असेल तर बरी. पाणी असेल तर पाणी लिही, मी रडणार नाही. त्यानं रागानं म्हटलेला शब्द तेवढा शेवटचा राहायला नको, कारण तो त्याचा निकाल नव्हता. तो निकाल काढायला बसला होता गं, पोरी, आणि अर्ध्यातनं उठून गेला.

फार लांबवू नकोस. सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे, कागदातलं ऑइल रोज थोडं थोडं पसरतंय. मी ते स्टीलच्या डब्यात घालून ठेवलेत, पण डबा तरी किती धरणार. मेहबूब रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतो, "आक्का, रुपाबेटी कब आती?" बॅटरी उतरलीये, चार्जिंगला एक रात्र लागते म्हणे. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्याला एक फोन कर, आणि ये लवकर.