चित्रातली घागर

ओल्या चुन्याचा वास आला की मला लातूरचं ते चित्रप्रदर्शन आठवतं. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. शाळेच्या हॉलला घाईघाईनं चुना मारून हिमालयाकडच्या चित्रकारांची चित्रं टांगली होती. औशाहून एसटीनं आलेली माझी आई दारातच चपला काढून आत शिरली, आणि मी कॉलेजच्या मैत्रिणींत मिसळून तिच्यापासून लांबच उभी राहिले. एका चित्रात डोक्यावर घागर घेतलेली बाई डोंगर चढताना मागं वळून बघत होती. आमचे सर भरल्या घागरीच्या समृद्धीवर बोलत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "न्हाई हो सर, घागर रिकामी हाय. भरली घागर घेऊन बाई अशी मान वळवती व्हय?" पोरी फिसकन हसल्या. कुणीतरी ते हिंदीत सांगितलं, तशी कोपऱ्यातली नेपाळी चित्रकार बाई पुढं आली आणि आईचे हात धरून म्हणाली, "हमारा झरना सूख गया था, माँ. आप पहली हैं जिसने देखा." "माझी आई हाय ती," मी मोठ्यानं म्हणाले. आता चित्रकला शिकवते, तेव्हा पोरांना पहिल्याच तासाला सांगते, घागर नंतर बघा, आधी मान बघा.