ढेकरांवरचा कर आणि हसनाबादचा सोन्या

माझी मैत्रीण सुनंदा हसनाबादला शिक्षिका आहे. तिच्या शाळेच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक हवा होता आणि मला पुण्याबाहेर पडायला निमित्त. विषय ऐकून मी फोनवरच हसले: ‘हवामानबदल रोखण्यासाठी जनावरांवर कर लावावा.’ गाईगुरं रवंथ करताना ढेकरांतून मिथेन सोडतात आणि परदेशात त्यावर कर बसवायचं घाटतंय, एवढंच मला ठाऊक होतं.

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे राजूरमार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. रस्ता बरा आहे, पण भर दुपारी निघू नका. मी निघाले आणि चांगली भाजून निघाले.

स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. दहावीतल्या वैष्णवीला कराची बाजू आली आणि तिने सभा गाजवली. “दुभत्या म्हशीला सोडा,” ती म्हणाली. “जे जनावर दूध देत नाही, काम करत नाही, नुसतं खातं आणि ढेकर देतं, त्याच्यावर कर लावा. लोक अशी जनावरं पाळणं बंद करतील.” टाळ्यांचा कडकडाट! मी डोळे झाकून पहिला नंबर तिला दिला.

सुनंदा वैष्णवीच्याच घरी भाड्याने राहते, त्यामुळे माझा मुक्कामही तिथेच. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. वैष्णवीचे वडील अंकुशरावही स्पर्धा ऐकायला आले होते. गोठ्यात दोन म्हशी आणि सोन्या नावाचा म्हातारा बैल. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम नाही.

सकाळी पाहते तर अंकुशराव सोन्याला टेम्पोत चढवून मागचा फाळका लावत होते. वैष्णवी धावत आली.

“पप्पा, कुठं नेऊन राह्यले त्याला?”

“गोशाळेत. काल तू बराबर बोलली. मीच उगं जीव लावून बसल्तो.”

“पण ती माझी चिठ्ठी निघाल्ती! दुसरी निघाली असती तर मी उलटं बोलले असते.”

“मंग खोटं बोलली का तू?”

पोरीने फाळक्याला हात घातला. प्रश्न मलाही लागू होता, कारण परीक्षक मी होते.

“खोटं न्हाई,” ती म्हणाली. “पण बोलताना सोन्या माझ्या डोळ्यापुढं नव्हता.”

अंकुशरावांनी कासरा तिच्या हातात दिला. “घे. आता तूच ठरव.”

तिने विचारही केला नाही, सरळ फाळका पाडला. “त्याच्यासाठी बांधावरचं गवत मी आणीन,” म्हणाली. सोन्या आपला सावकाश उतरला.

पुण्यात परतल्यावर सगळे विचारतात, तुझं मत काय? वैष्णवीचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. मिथेन खरा आहे आणि सोन्या तिकडे रोज ढेकर देतोय. तरी तो फाळका पडला तेव्हा मला जो आनंद झाला, तो पहिला नंबर देताना झाला नव्हता.