कोपऱ्यातल्या सह्या

आमची ही कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहते आणि अर्ध्या जिन्यावरून पुन्हा वर येते. गॅसचं तर विचारूच नका. पुढच्या खोलीत ती वीस वर्षं डीटीपीचं काम करते, आणि प्रेसला फाइल पाठवण्याआधी पानन् पान असंच तपासते. "लोक ताक फुंकून पितात, तू पाणीसुद्धा फुंकतेस," असं मी म्हणायचो.

गेल्या वर्षी एक निवृत्त पोस्टमास्तर आले. बायकोच्या चित्रांचं पुस्तक करायचं होतं. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. चित्रं पानभर हवीत, म्हणाले. बाईंची सही प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी काठाला चिकटून. "बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. सही तेवढी जपा."

पानभर चित्राला ब्लीड लागतं, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र, पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरं दिसू नये म्हणून. हिने चार दिवस बसून काठाचे रंग बाहेर वाढवले, सह्या रेषेच्या आत राखल्या. दोन पीडीएफ केल्या: मास्तरांना बघायला बिनब्लीडची, आणि प्रेससाठी ब्लीडची. तेवढ्यात गच्चीवरची टाकी वाहायला लागली. वर पळता पळता ती म्हणाली, "अहो, प्रेसची तेवढी पाठवा." मी पाठवली.

दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याचा फोन आला. "वहिनी, ब्लीड नव्हतं. आम्हीच पानं जरा मोठी करून छापून टाकली. आता कटिंगला लावतोय."

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. पानं मोठी केली, म्हणजे सह्या रेषेबाहेर गेल्या.

"अहो, कुठली पाठवलीत?"

"तू सांगितलीस तीच," मी म्हणालो. खरं तर बिनब्लीडची गेली होती, हे तिने विचारलं तेव्हाच मला कळलं होतं.

"मग मीच चुकीचं सांगितलं असेन," ती म्हणाली.

प्रेसचा फोन पुन्हा कुणी उचलेना, म्हणून आम्ही तिकडेच निघालो; रिक्षात ती पिशवीचा बंद पिळत राहिली. प्रेसमध्ये कटिंगवाला गठ्ठा पात्याखाली सरकवतच होता. हिने गठ्ठ्यावर हात ठेवला.

"दादा, रेषेवर नका कापू. छपाईच्या काठावर कापा."

"तिथं जरा चुकलं की पांढरं दिसणार."

"दिसू दे. दहा-दहा पानं घ्या."

चार तास ती मशीनपाशी उभी होती. काही प्रतींना कडेला बारीक पांढरी रेघ राहिली, सही मात्र एकही गेली नाही. मास्तरांनी प्रत घेतली, आधी खालचा कोपरा पाहिला, आणि खुर्चीत बसून राहिले.

आता ती प्रेसला फोन करून फाइलचं नाव दोनदा वाचून घेते. "माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही हो," म्हणते. परवा मी सांगायचं ठरवून तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तिने दचकून वर पाहिलं. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"काही नाही," मी म्हणालो.