सवतीची नवमी

काटोलच्या बसस्टँडवर मला सोडायला फक्त सात माणसं आली होती. बिजवराचं लग्न, त्यात वाजंत्री कमी आणि वऱ्हाडही कमी, म्हणून नवरी एसटीनंच सासरी निघाली. चौसष्ट सालचा उन्हाळा होता. बाबांनी संत्र्याची शेवटची दोन टोपली टपावर चढवली आणि कंडक्टरला चारदा बजावलं, की वर काही जड ठेवू नका. माझ्यापेक्षा त्यांना त्या संत्र्यांची काळजी जास्त दिसत होती. पुढं कळलं की बापाला रडू लपवायला काहीतरी काम लागतं.

आई खिडकीशी उभी होती. माझ्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर सासरच्यांनी एक चांदीचा टाक घातला होता. त्याच्यावर एका बाईचा उभा आकार कोरलेला होता, डोळे नुसते दोन ठिपके. ती कमल. माझ्या नवऱ्याची पहिली बायको, लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेलेली. मी तो टाक पदराआड लोटला होता. आईनं हात आत घालून तो बाहेर काढला, नीट मधोमध आणला आणि म्हणाली, "तिचा मान ठेवजो बाई. थे आधी आली होती."

आता तुम्ही, काटोलला राहिलेले माझे भाऊ-भावजया आणि माझ्यासारख्याच कुठंकुठं जाऊन पडलेल्या बहिणी, दर दिवाळीला मला पत्रातून विचारता, की नागपुरात जीव रमला का. वीस-बावीस वर्षं झाली तरी विचारता. मी 'हो' असं एका शब्दात लिहून मोकळी होते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी शोभा नाही. पण यंदा लिहितेच.

आपल्या गावी पितरपाखात काय असायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. अख्खी भावकी यायची, पळसाच्या पानाच्या पत्रावळी, गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकले की धूर थेट आढ्यापर्यंत. बाबा म्हणायचे, पितर जेवाले येत नाहीत गा, आपण त्यांले इसरलो का नाही ते पाह्याले येतात. आम्हा पोरांना त्यात भीतीही वाटायची आणि वड्यांची ओढही. पितर म्हणजे कोणी एक माणूस आहे, त्याला आवडीनिवडी आहेत, असं कधी वाटलं नव्हतं. ते सगळे मिळून एक घोळका होते, आपल्यापासून लांबचे.

नागपुरात माझ्या वाट्याला आलेला पितर मात्र एकटी बाई होती, माझ्याच वयाची, आणि तिच्या आवडीनिवडी घरात सगळ्यांना पाठ होत्या.

आमचं घर नंदनवनात. तेव्हा तिकडं मोकळे प्लॉट जास्त आणि घरं कमी होती. दोन खोल्या, मागं न्हाणी, सकाळी तासभर नळ. 'हे' सदरला एका ऑफिसात क्लार्क होते, सायकलनं जात. घरात सासूबाई होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मारझोड नाही, उपासमार नाही, तोंडानं वाईट कोणी बोललं नाही. फक्त प्रत्येक गोष्ट माझ्याआधी तिची व्हायची. नवं लुगडं आणलं की आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. नव्या बांगड्या आधी टाकाला दाखवायच्या. हळदीकुंकवाला कुठं गेले तर बायका आधी टाकाला कुंकू लावत आणि मग माझ्या कपाळाला. मी कुठं एकटी गेलेच नाही कधी.

आणि मग वर्षातून एकदा नवमी यायची. पितृपक्षातली अविधवा नवमी, म्हणजे नवऱ्याआधी कुंकवासकट गेलेल्या बाईचा दिवस. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, गेलेलीच्या जागी तिला पाटावर बसवायचं, ओटी भरायची, साडी द्यायची, गेलेलीला आवडायचं ते रांधायचं. कमलला कढीगोळे आवडायचे. मी पहाटे उठून डाळ वाटायची, गोळे वळायची, आणि दरवर्षी आत्याबाई एक गोळा मोडून बघत म्हणायच्या, "कमलचे मऊ रायचे." गोळे मी कापसासारखे केले असते तरी त्यांनी तेच म्हटलं असतं. मरून गेलेल्या बाईशी स्वयंपाकात बरोबरी करणं म्हणजे भिंतीशी कुस्ती.

पण गोळ्यांचं मी सोसलं असतं. मला जे सोसलं नाही ते साडीचं होतं.

माझ्यासाठी ह्यांनी कधी साडी निवडली नाही. दिवाळी असो की संक्रांत, म्हणायचे, तुले आवडते ते आण. मी आत्याबाईंबरोबर बर्डीच्या बाजारात जाऊन आणायची. नवमीची साडी मात्र हे स्वतः आणत. आदल्या दिवशी ऑफिसातून हाफ डे घेऊन जात, दोन-दोन तास दुकानात बसत, घरी येऊन घडी उलगडून काठ बघत. एका वर्षी हिरवी, एका वर्षी वांगी रंगाची, एकदा मोतिया रंगाची, तिला बारीक लाल काठ. नेसणार होत्या शेजारच्या राऊतबाई, कारण दरवर्षी सवाष्ण म्हणून त्याच येत. पण निवडली होती कमलसाठी. दुसऱ्या दिवशी कॅज्युअल लीव्ह. उघड्या अंगानं, ओलेत्यानं हे पत्रावळ कंपाउंडच्या भिंतीवर ठेवत आणि कावळा शिवेपर्यंत हात जोडून उन्हात उभे राहत. मी दारातून पाहायची. माझ्या दोन बाळंतपणांत हा माणूस दवाखान्याच्या बाकावर पेपर वाचत बसला होता, आणि इथं बघा.

मी तिचा हेवा करत होते, दुसरा शब्द नाही. सवत जिवंत असती तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, तिच्या चुका दाखवल्या असत्या. मेलेली बाई चुकत नाही, म्हातारी होत नाही, तिची कढी कधी फुटत नाही.

चौऱ्याहत्तर साली मी ते केलं.

राऊतबाईंना आमंत्रण द्यायला नेहमी मीच जायची. त्या वर्षी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन घरातून निघाले, त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि तशीच पुढं मारुतीच्या देवळाला एक वळसा घालून परत आले. आत्याबाईंनी विचारलं, सांगितलं का वं? मी हो म्हटलं. आयुष्यात देवाचं नाव घेऊन मी खोटं बोलले नाही, पण त्या दिवशी पितरांच्या नावानं बोलले.

नवमीला सगळं शिजून तयार. बारा वाजले, राऊतबाई नाहीत. मी शेजारी बघून आल्याचं सोंग केलं, म्हटलं घराला कुलूप आहे. पितरांचं जेवण दुपार टळायच्या आत व्हायला लागतं, पुढं ढकलता येत नाही. हे साडीची घडी हातात धरून मधल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. ऐनवेळी कुठली सवाष्ण आणायची? मी पाट पुसत होते. छाती इतकी धडधडत होती की टाक हलत असेल.

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "हिलेच बसव. टाक तं हिच्याच गळ्यात हाय."

मी पाटावर बसले. मला हेच हवं होतं. पण एक गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नव्हती. सवाष्णीला कुंकू लावायचं, तिची ओटी भरायची, हे काम दरवर्षी माझं. आता मीच पाटावर, मुलगी लहान, आत्याबाई विधवा, त्या कुंकवाला हात लावत नव्हत्या. म्हणून कुंकू ह्यांनी लावलं. लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्या कपाळाला त्यांचं बोट लागलं. साडी माझ्या मांडीवर ठेवली, निळी, पिवळ्या काठाची. मग खाली बघत, दरवर्षी राऊतबाईंसमोर मनातल्या मनात म्हणत असतील ते मला ऐकू येईल असं म्हणाले, "कमल, जेव. माह्यानं राहून गेलं ते पोटात घाल."

मी जेवले. गोळे खरंच मऊ झाले होते. दहा वर्षं ज्या साडीसाठी जळले ती मांडीवर होती, ज्या बोटासाठी झुरले ते कपाळाला लागलं होतं, आणि त्यातलं काही माझं नव्हतं. मी तिच्या ताटात चोरून जेवत होते.

चोरी दोन दिवसांत उघडी पडली. राऊतबाईंनी फाटकाशी ह्यांना अडवून विचारलं, की औंदा आम्हाले इसरले का जी? हे घरात आले, सायकल लावली, हातपाय धुतले, जेवले. मग मी भांडी आवरत असताना मागं येऊन उभे राहिले.

"तुले साडी पाह्यजे होती तं मले सांगाचं होतं," ते म्हणाले.

"मांगून घेतलेली साडी मले नाही पाह्यजे होती," मी म्हटलं.

त्यांनी एक धुतलेलं ताट उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, की कमलनं मागितली होती. आजारी पडायच्या आधी, बर्डीवर एका दुकानात बघून, निळी साडी मागितली होती. तिला ते म्हणाले होते, दिवाळीले पाहू. दिवाळीपर्यंत ती राहिली नाही. एवढं सांगून ते बाहेर जाऊन बाजेवर बसले.

तुम्ही म्हणाल, हे ऐकून माझं मन निवलं असेल. चांगल्या बाईचं निवलं असतं. माझ्या मनात आलं, की हिच्यासाठी ह्यांना नुसतं प्रेमच नाही, पश्चात्तापही आहे. मी धडधाकट, रोज समोर, माझं काय राहून गेलं हे कशाला कोण आठवेल? तो पश्चात्तापसुद्धा मला हवा होता. ती निळी साडी मी राऊतबाईंना नेऊन दिली आणि पाया पडले. पुढल्या वर्षापासून त्याच येत राहिल्या. ह्यांनी त्या दिवाळीला माझ्यासाठी एक साडी निवडून आणली, तपकिरी, अगदी म्हातारीची. मी ती फाटेपर्यंत नेसले. पण नवमी आली की हेवा तसाच पेटायचा.

आत्याबाई अठ्ठ्याहत्तरला गेल्या. हे चौऱ्याऐंशीला, ऑफिसातच, खुर्चीवर बसल्या बसल्या. पुढल्या पितृपक्षात मी भटजींना विचारलं, की नवमीचं काय करायचं. ते म्हणाले, नवमी नवरा असेतोवरच. आता ती वेगळी जेवत नाही, आता ती त्यांच्यासोबत. त्यांना सहज सांगायची गोष्ट होती ती. मी तो दिवस तसाच काढला. मुगाची खिचडी टाकली, मुलांना वाढली. डाळ वाटायची नाही, साडी नाही, राऊतबाई नाहीत. ते दोघं तिकडं एकत्र, मी इकडं खिचडी ढवळतेय. आणि मला कधी नवमी मिळणार नाही हेही तेव्हाच ध्यानात आलं, मी तर विधवा होऊन बसले. त्याचाही हेवा वाटला. पण खरं सांगू, दिवसभर घर ओकंबोकं वाटलं, आणि ते फक्त ह्यांच्या जाण्यानं नव्हतं. ह्यांनी तिला वर्षातून एकदा आठवलं असेल. मी रोज आठवत होते.

गेल्या वर्षी मुलानं पहिल्यांदा महालय घातला. एकोणीस वर्षांचा पोरगा, इंजिनियरिंगला, धोतर नेसायची सवय नाही, सारखं सावरत होता. भटजी एकेक नाव विचारत, तो दर्भ आणि तीळ घेऊन पाणी सोडत होता. वडील, आजोबा, पणजोबा. मग भटजी म्हणाले, आई हयात आहे, तेव्हा ते नाव वगळू. सापत्न आई कोणी?

मुलाला नाव चांगलं ठाऊक होतं. जन्मभर नवमी बघितलेली त्यानं. पण ओंजळीत पाणी धरून तो माझ्याकडं बघत राहिला. मी पोरांसमोर कधी हेव्याचं बोलले नव्हते, तरी पोराला सगळं कळत होतं. मी मान हलवून नाही म्हटलं असतं, तर तो 'कोणी नाही' म्हणाला असता आणि भटजी पुढं गेले असते. तिचे आईवडील केव्हाच वारले होते. आत्याबाई नाहीत, हे नाहीत. तिचं नाव घ्यायला उरलेली माणसं आता त्या खोलीतच होती, आणि त्यातलं मोठं माणूस मी. वीस वर्षं मला हेच हवं होतं, की ती नसावी.

त्याच्या बोटांमधून पाणी गळायला लागलं.

"कमल," मी म्हटलं. "कमलाबाई म्हण."

त्यानं तीनदा पाणी सोडलं. माझ्या पोटच्या पोराच्या तोंडून आई म्हणून तिचं नाव माझ्याआधी गेलं. तिसऱ्या खेपेला मला बसवेना. मी भटजींना मध्येच विचारलं, की मी गेल्यावर कसं? तेव्हा कोणाचं नाव आधी? ते हसले नाहीत. पोथीवर बोट ठेवून म्हणाले, "आधी आई. मग सापत्न आई."

मी आत जाऊन पानं वाढायला घेतली. काटोलच्या घरी तुम्ही पाणी सोडाल तेव्हा माझं नाव शेवटी, दिल्या घरी गेलेल्या बहिणी-आत्यांच्या रांगेत येईल, आणि ते तसंच बरोबर आहे. इथं मात्र माझा नंबर तिच्या आधी लागतो. म्हणून पुन्हा विचारू नका. माझं घर नंदनवनात आहे.